जुनी मोटारसायकल विकत घेताना

१९८५ साली हिरो होंडा कंपनीने सी.डी. १०० ही मोटारसायकल भारतात विक्रीस आणली. त्यापूर्वी मोटारसायकल म्हणजे पेट्रोल पिणारे, वजनदार वाहन असा सर्वसाधारण समज होता आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा स्कूटरकडे असे. थोड्या पेट्रोलात दूरवर जाणाऱ्या या छोट्या इंजिनाच्या गाडीने हा समज बदलला. १९९४ मध्ये त्याच कंपनीची स्प्लेंडर आली. पाठोपाठ इतर कंपन्यांच्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाड्या आल्या. आज दुधाच्या किटल्या वाहणारा गवळी, अवजारांची पिशवी अडकवून फिरणारा वायरमन, पहाटेची पाळी गाठणारा कामगार आणि बाजारच्या दिवशी भाजीच्या जुड्या नेणारा शेतकरी या सर्वांचे पाय म्हणजे मोटारसायकल होय.

परंतु या सर्वांनाच कोरी गाडी घेणे परवडते असे नाही. शहरात पाच-सात वर्षे चाललेली गाडी तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या हाती जाते आणि तेथून आणखी आत, वाडीवस्तीवर, तिसऱ्याच्या दारात उभी राहते. हा व्यवहार वरवर किरकोळ वाटतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यात वर्षभराची शिल्लक, बचत गटाचे कर्ज किंवा घरातील एखादा दागिना गुंतलेला असतो. नवी गाडी बिघडली तर कंपनीची हमी असते. जुनी गाडी घेणाऱ्याला हमी देणारा कोणी नसतो, आणि गाडी दारात बंद पडली की त्याचा रोजगारही बंद पडतो. म्हणूनच ज्याच्याजवळ पैसे थोडे, त्याने पारख अधिक केली पाहिजे.

जुनी मोटारसायकल घेणारा माणूस एकाच वेळी दोन वस्तू विकत घेत असतो. एक म्हणजे डोळ्यांसमोर उभे असलेले यंत्र आणि दुसरी म्हणजे त्या यंत्राचा कागद. बहुतेक ग्राहक आधी यंत्राकडे वळतात. किक मारतात, आवाज ऐकतात, टाकीवरचा रंग न्याहाळतात आणि मन बसल्यावर कागदांची चौकशी करतात. हा क्रम उलटा हवा. झिजलेले इंजिन मिस्त्री दुरुस्त करतो. त्यास खर्च येतो, पण त्या खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. चोरीची निघालेली, कर्जाच्या बोजाखाली असलेली किंवा मृत मालकाच्या नावावर अडकलेली गाडी मात्र कोणत्याही मिस्त्रीच्या हाताबाहेरची असते.

आधी कागद

प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजेच आर.टी.ओ., प्रत्येक वाहनाला नोंदणी प्रमाणपत्र देते. त्यालाच लोक आर.सी. किंवा आर.सी. बुक म्हणतात. त्यावर मालकाचे नाव, नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक असतो. पहिली गोष्ट म्हणजे हे दोन्ही क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून पडताळावेत. चेसिस क्रमांक सामान्यतः हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर कोरलेला असतो. इंजिनाचा क्रमांक इंजिनाच्या खालच्या भागावर असतो. तेथे चिखल व तेल साचलेले असते, तेव्हा जुने फडके आणि थोडे रॉकेल जवळ असू द्यावे. क्रमांक खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्या जागी वेल्डिंग केलेले दिसले तर पुढे बोलणी करण्याचे कारण उरत नाही, मग किंमत कितीही कमी असो.

त्यानंतर प्रमाणपत्रावरील मालक आणि समोर बसलेला विक्रेता ही एकच व्यक्ती आहे काय, ते पाहावे. नसेल तर मधल्या माणसाने गाडी घेतली पण नावावर केली नाही, असा त्याचा अर्थ असतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात असे सर्रास आढळते. गाडी तीन हातांतून फिरलेली असते आणि कागदावर मात्र पहिलेच नाव असते. सोबत पहिल्या मालकाने सही करून ठेवलेले कोरे ‘टी.टी.’ फॉर्म असतात. त्या सहीवर विसंबून पैसे देणे धोक्याचे आहे. सही जुळली नाही, मालकाने पत्ता बदलला किंवा त्याने कार्यालयात हरकत घेतली तर शेवटच्या ग्राहकाचे काम अडते.

गाडी हप्त्यांवर घेतलेली असेल तर बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे नाव प्रमाणपत्रावर नोंदलेले असते. त्यास बोजा म्हणतात. ‘हप्ते केव्हाच फिटले’ हे विक्रेत्याचे बोलणे खरे असू शकते. पण संस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना क्रमांक ३५ सादर होऊन कार्यालयाच्या दप्तरातून ती नोंद निघेपर्यंत बोजा कायम असतो. तो विक्रेत्यानेच उतरवून द्यावा आणि मगच सौदा पुरा व्हावा, हा नियम ग्राहकाने सोडू नये.

आता ही माहिती तपासणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन या मोबाइलवरील सुविधेत गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, मुदत आणि विम्याची स्थिती दिसते. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेले दंड कळतात. ते दंड विक्रेत्याने भरावेत हे उघड आहे. परंतु गाडी ताब्यात आल्यावर या विषयावर बोलणारा विक्रेता विरळा, म्हणून हा विषय आधीच काढावा. ज्याला मोबाइलवरील हे काम जमत नाही त्याने शेजारच्या शिकत्या मुलाची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

‘घरचीच गाडी आहे’

सर्वांत मोठी गफलत अनोळखी माणसाशी व्यवहार करताना होत नाही. ती होते मेहुण्याची, चुलत्याची किंवा शेजाऱ्याची गाडी घेताना. पैसे दिले, किल्ली घेतली, पेढे वाटले. नावावर करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ‘घरचीच तर गाडी आहे, कोण विचारतो?’ असे म्हटले जाते. वर्षे जातात. मग एके दिवशी रस्त्यावर अपघात होतो, किंवा मूळ मालक वारतो, आणि तेव्हा सर्व जण कागद शोधू लागतात.

याबाबतीत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे लागते. त्यासाठी नमुना क्रमांक २९ आणि ३० भरतात. पहिल्यात हस्तांतराची सूचना असते आणि दुसऱ्यात नाव बदलण्याचा अर्ज असतो. मालकाचा मृत्यू झाला असेल तर प्रथम वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते व त्यासाठी नमुना क्रमांक ३१ आहे. मृत माणसाच्या नावावरची गाडी त्याच्या मुलाकडून थेट विकत घेतली आणि पुढे दुसऱ्या भावाने हरकत घेतली, तर ग्राहकाचे पैसे भावाभावांच्या भांडणात अडकून पडतात.

नावावर न केलेल्या गाडीचा फटका केवळ घेणाऱ्यालाच बसतो असे नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोटारीच्या अपघाताचे प्रकरण आले होते. नोंदणी ज्याच्या नावावर होती त्याने ती मोटार अपघाताच्या आधीच विकलेली होती आणि त्यानंतर ती आणखी काही जणांच्या हातांतून गेली होती. मोटारीचा विमा नव्हता. भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न होता. कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सांगून न्यायालयाने त्या पहिल्या मालकावर जबाबदारी ठेवली. हाच न्याय मोटारसायकलीलाही लागू आहे. विकलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की नाही, याची चिंता विकणाऱ्यानेच जास्त करावी, इतका हा निर्णय बोलका आहे. ही गोष्ट सांगितली म्हणजे टाळाटाळ करणारा विक्रेताही सहसा स्वतःहून कार्यालयात यायला तयार होतो.

विम्याचाही येथेच विचार करावा. तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या हानीची भरपाई देणारा विमा, कायद्याने सक्तीचा आहे. गाडी हस्तांतरित झाली की कलम १५७ प्रमाणे हा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. तरीही १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावे लागते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे आणि चोरीचे संरक्षण मात्र असे आपोआप मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे पाच वर्षे पुरी न झालेल्या गाडीवर तो बहुधा शिल्लक असतो. पाच वर्षे उलटली की अनेक मालक तो नव्याने काढतच नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

राज्याची सीमा ओलांडणारी गाडी

खानदेशातून सुरतेला, मराठवाड्यातून हैदराबादला आणि विदर्भातून रायपूरला कामासाठी गेलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. सणाला गावी आल्यावर तेथील ओळखीची, स्वस्तात मिळणारी गाडी घ्यावी आणि कामाच्या गावी न्यावी, असा मोह त्यांना होतो. येथे थोडे थांबून हिशेब केला पाहिजे.

दुसऱ्या राज्यात गाडी नावावर करायची तर आधी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र काढावे लागते. त्याचा नमुना क्रमांक २८ होय. ते देण्यापूर्वी कर व दंड भरलेले आहेत काय आणि गाडी चोरीस गेल्याची नोंद नाही ना, हे पाहिले जाते. मग नव्या राज्यात पुन्हा कर भरावा लागतो आणि गाडीला तेथील क्रमांक मिळतो. जुन्या राज्यात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो, परंतु त्यासाठी अर्ज, फेऱ्या आणि धीर लागतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याचे या फेऱ्यांत जितके दिवस बुडतील, तितकी मजुरी गाडीच्या किमतीत धरावी. गावाकडे दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसलेली गाडी अशा वेळी महाग पडते. जेथे राहायचे तेथलीच गाडी घेणे बहुतेकांच्या सोयीचे असते.

मग यंत्र

कागद पुरते पटल्यावरच गाडीकडे वळावे. पाहण्यासाठी दिवस हवा. रस्त्यावरच्या दिव्यांत ओरखडे आणि गंज दिसत नाहीत. विक्रेत्याला आधीच सांगावे की गाडी धुऊन ठेवू नये आणि चालू करून ठेवू नये. धुतलेल्या इंजिनावर तेलाची गळती दिसत नाही. तापलेले इंजिन चटकन सुरू होते, खरी परीक्षा थंड इंजिनाची असते. म्हणून पोहोचल्याबरोबर पहिले काम म्हणजे इंजिनाजवळ तळहात नेऊन पाहणे. ते गरम असेल तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि ते निवेपर्यंत थांबावे.

थंड इंजिन दोन-चार किकांत सुरू व्हावे. सेल्फ असला तरी किक असेल तर तीही मारून पाहावी, कारण अशक्त बॅटरीवर सेल्फ चालत नाही आणि किकचा दांडा घसरत असेल तर तो दोष वेगळा असतो. सुरू होताना सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघाली तर काळजीचे कारण नाही. ती आतल्या दमटपणाची असते. इंजिन तापल्यावर आणि मूठ पिळल्यावर निळसर धूर निघत राहिला तर मात्र इंजिन ऑइल जाळते आहे, असे समजावे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असतात आणि इंजिन खोलावे लागते. काळा धूर पेट्रोल जास्त जळत असल्याची खूण आहे. ते काम तुलनेने स्वस्त असते. एक गोष्ट येथे सांगावी लागेल. पूर्वीच्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असे, त्यामुळे त्यांचा धूर हा दोष नव्हे. यामाहा आर.एक्स. १०० ही त्यांपैकी एक. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिच्या आवाजावर जीव टाकणारे शौकीन आजही तिला भारी किंमत देतात. कामासाठी गाडी हवी असलेल्या माणसाने तो शौक त्यांच्याकडेच राहू द्यावा.

आवाज ऐकताना इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे. बारीक, नियमित टकटक बहुधा टॅपेटची असते आणि ती थोडक्यात मिटते. डाव्या बाजूने साखळी वाजल्यासारखी खळखळ येत असेल तर टायमिंग चेन सैल झालेली असते. खोलवरून येणारा, मूठ पिळताच वाढणारा ठोका मात्र क्रँकच्या दुरुस्तीचा इशारा आहे. असा ठोका ऐकू आला तर अल्प पैशांत गाडी घेऊ पाहणाऱ्याने नमस्कार करून निघावे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण अशा वेळी आठवावी.

इंजिन बंद करून ऑइलची कांडी बाहेर काढावी. ऑइल काळे असणे स्वाभाविक आहे. ते दुधासारखे फेसाळ दिसले तर आत पाणी शिरलेले आहे. २०१८ च्या केरळातील आणि २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीतील महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. महापुरात बुडालेली गाडी धुऊन, रंगवून लांबच्या बाजारात विकली जाऊ शकते. सीट काढून खाली पाहावे. वायरींच्या जोडांवरचा हिरवट थर, हेडलाइटच्या काचेतील ओल आणि कोपऱ्यांत सुकलेला बारीक गाळ या गोष्टी रंगाखाली झाकता येत नाहीत.

अपघाताच्या खुणाही अशाच चिकाटीने शोधाव्या लागतात. गाडी सरळ उभी करून मागून पाहावे. पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत दिसले पाहिजे. हँडल पूर्ण वळवल्यावर ते जेथे अडते तेथील लोखंडी ठोकळा चेपलेला असेल तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे. सांगाड्यावरचे नवे वेल्डिंग, एकाच बाजूचा वाकलेला फूटरेस्ट, इंजिनाच्या झाकणाची घासलेली कडा यांचा मेळ घातला म्हणजे गाडीची कहाणी कळते. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या नळ्यांवर बोट फिरवावे. तेलकट लागले तर सील गेलेले आहेत. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर मानेची बेअरिंग बदलावी लागेल.

मीटरवर दिसणाऱ्या किलोमीटरांवर फार विसंबू नये, कारण मीटर मागे फिरवता येते. गाडीचे वय हातापायांच्या जागी कळते. मीटर पंधरा हजार दाखवते आणि फूटरेस्टचे रबर, गिअरचा दांडा व मुठी मात्र गुळगुळीत झालेल्या आहेत, तर मीटर खोटे बोलत असते. टाकीवर नवा चकचकीत रंग आणि खाली झिजलेली चेन, अशी गाडी म्हणजे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. स्प्रॉकेटचे दाते तपासावेत. ते एका दिशेने वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावी लागतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंकांचा एक गट असतो. त्यांतील पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या रबराला बारीक चिरा पडतात, म्हणून हे अंक वाचण्यास शिकावे.

शेवटी गाडी चालवून पाहावी, अर्थात परवाना आणि हेल्मेट असेल तरच. पंधरा मिनिटे पुरतात. सर्व गिअर पडतात काय, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे होते काय, हे पाहावे. तसे होत असल्यास क्लच प्लेट संपलेल्या असतात. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते काय, तेही ध्यानात घ्यावे. स्वतःला पारख नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यावे आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. मिस्त्री विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा. दोन्ही बाजूंनी दलाली घेणारा सल्लागार कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

कोणती गाडी, किती पैसे

थोड्या पैशांत गाडी घेणाऱ्याने शंभर ते सव्वाशे सी.सी.ची, सर्वत्र दिसणारी गाडी निवडावी. जिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि जी गावच्या मिस्त्रीने शंभर वेळा खोललेली आहे, ती गाडी खरी स्वस्त. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि त्यानंतरच्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन आत फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिचा त्रास कमी, पण बिघडल्यास दोष शोधायला उपकरण लागते आणि ते प्रत्येक गॅरेजात नसते. त्यामुळे २०१७ ते २०२० या काळातील भारत स्टेज-४ ची, कार्ब्युरेटर असलेली गाडी ग्रामीण भागातील ग्राहकाला अधिक सोयीची पडते. फार जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात, तेव्हा त्या बदलण्याची तयारी ठेवावी.

गाडीचे वय किमतीशी ताडून पाहावे. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मोटारसायकलच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, आणि अनेक राज्यांत त्यावर पर्यावरण कर असतो. दिल्ली व परिसरात तर १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आलेले आहेत, म्हणून तेथे राहणाऱ्याने अशा गाडीच्या वाटेस जाऊ नये. समजा, एक गाडी ३० हजारांची आहे आणि तिच्या नोंदणीची नऊ वर्षे उरली आहेत. दुसरी १८ हजारांची आहे आणि तीनच वर्षे उरली आहेत. पहिलीचा वर्षाचा खर्च सुमारे ३,३०० रुपये पडतो, दुसरीचा ६,०००. स्वस्त कोणती, हे सांगण्याची गरज नाही.

हाती ४० हजार असतील तर ४० हजारांची गाडी पाहू नये. बत्तीस-तेहतीस हजारांच्या आतली पाहावी. उरलेल्या रकमेतून विमा, नाव बदलण्याचा खर्च, पहिली सर्व्हिसिंग, बहुतेक वेळा चेन-स्प्रॉकेट अथवा एखादा टायर आणि भारतीय मानक चिन्हाचे हेल्मेट या गोष्टी भागवाव्या लागतात. तसेच नव्या गाडीची किंमत माहीत असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यापूर्वीच्या भावावर अडून बसलेल्या विक्रेत्याला ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगता येते. घासाघीस करताना गाडीला नावे ठेवण्यापेक्षा कोणत्या दुरुस्तीला किती खर्च येईल ते आकड्यांत मांडावे. आकड्यांपुढे माणूस चिडत नाही.

मोबाइलवरील जाहिरातींत एक जुना कावा आहे. विक्रेता स्वतःला सैन्यातील जवान म्हणवतो, बदली झाल्याचे सांगतो, गाडी अर्ध्या किमतीत देऊ करतो आणि वाहतुकीसाठी थोडे पैसे आगाऊ मागतो. गाडी कधीच येत नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये; आणि पैसे स्वीकारण्यासाठी कोणालाही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी करतात, हे पक्के ध्यानात ठेवावे. दुकानातून गाडी घ्यायची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्या विक्रेत्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र असावे लागते. ते दाखवा म्हटल्यावर दुकानदार नाराज झाला, तर दुसरे दुकान शोधावे.

सौद्याचा दिवस

इसार दिला तर त्याची पावती घ्यावी. मोठी रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी, म्हणजे पुरावा राहतो. साध्या कागदावर दोघांची नावे, गाडीचा, चेसिसचा व इंजिनाचा क्रमांक, ठरलेली किंमत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वेळ लिहिण्याचे कारण असे की, त्याच दिवशी सकाळी झालेला दंड कोणाचा आणि संध्याकाळचा कोणाचा, हा वाद त्यामुळे उरत नाही. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विम्याचा कागद, पी.यु.सी. प्रमाणपत्र, नमुना २९ व ३० वरील सह्या, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि दुसरी किल्ली त्याच वेळी मागून घ्यावी. दुसरी किल्ली नंतर देतो म्हणणारा माणूस ती सहसा देत नाही.

नाव बदलण्याचे शासकीय शुल्क फारसे नसते. दलाल मात्र त्याच्या कितीतरी पट मागतो. बरेचसे काम आता संगणकावरून होते आणि थोडी चौकशी केली तर ते स्वतःलाही करता येते. अर्ज दिल्याची पावती जपून ठेवावी. नवे प्रमाणपत्र आल्यावर त्यावरील नावाचे स्पेलिंग, पत्ता आणि दोन्ही क्रमांक लगेच वाचून पाहावेत, चूक असेल तर त्याच आठवड्यात कार्यालय गाठावे. नंतर त्याची एक प्रत जुन्या मालकाला पाठवावी, आणि ती त्यानेही आपल्या कागदांत ठेवावी.